बी काढायची नाही

मादामनं सांगितलं होतं, बी काढायची नाही.
तिच्या गावाकडे चेरी असते, चेरीच्या बीत
कडू बदामाचा वास असतो, तो भट्टीतच सुटतो.
आमच्या मेढ्यात चेरी कुठली?
जांभळं. पळसाच्या द्रोणात, वीस रुपयांना एक.
स्टँडच्या कडेला बसणारी बामणोलीची म्हातारी
वर दोन जास्तीची ठेवते, म्हणते,
"ही नजर काढायला."

पाचगणीच्या शाळेत बावीस वर्षं मी कांदे चिरले,
दीडशे पोरांच्या पोळ्या लाटल्या.
मादाम तीनच वर्षं होती, फ्रेंच शिकवायला.
रविवारी स्वयंपाकघरात यायची,
माझाच टॉवेल कमरेला खोचून.
"क्लाफुती," म्हणायची, आणि ओठ असे करायची
जशी गरम चहावर फुंकर.
मला ते ओठ जमले नाहीत. हात जमला.

अंडी चार. साखर वाटीभर, थोडी कमीच.
मैदा इतका, की घावनाच्या पिठासारखी
पळीवरून धार पडावी, तुटू नये.
दूध शेलारांच्या म्हशीचं,
मादामच्या दुधापेक्षा दाट, म्हणून पाव वाटी पाणी.
हे पाणी माझं. तिच्या कृतीत नाही.

लोणी फासलेल्या परातीत
जांभळं मोजून बसवली, देठाची बाजू खाली.
यांनी बाजेवरून विचारलं, "किती?"
सत्तावीस वर्षं मेढा-महाबळेश्वर गाडीवर कंडक्टर,
केळघरच्या घाटात बायकोलाही तिकीट फाडणारा माणूस.
डावा हात आता मांडीवर नुसता ठेवलेला असतो,
कुणी गाडीत विसरून गेलेल्या पिशवीसारखा.
"एकेचाळीस," मी म्हटलं.
त्यांनी मान हलवली. नोंद झाली.

दस्तगीर शिकलगारची भट्टी दुपारी दोनला रिकामी होते.
पाव निघालेले, आच उतरणीला लागलेली.
त्यानं मूठभर पीठ आत भिरकावलं, आकडे मोजले,
दहाला पीठ तांबूस झालं.
"घाला," म्हणाला. "काय म्हणायचं हिला?"
"क्लाफुती."
"फुटी? भट्टीत फुटायची नाय ना?"
"फुगते. मग बसते."
"बसली तर पैसे कुणाचे?"

फुगली. कडेनं वर चढली,
मधे जांभळं बुडाली, आणि जी तडकली तिथं
डाग पसरत गेला, दौत लवंडावी तसा.
बाहेर काढली, डोळ्यांदेखत खाली बसली.
पहिल्यांदा अशी बसली होती तेव्हा मी रडले होते.
मादाम हसली होती.
बसायलाच हवी, म्हणाली, वर राहिली तर तो केक.

भट्टीचं भाडं म्हणून दस्तगीरनं एक फोड घेतली,
उभ्यानंच खाल्ली. बिया नऊ, फळीवर ओळीनं.
"खरवसच की हो," म्हणाला,
"पण शिकलेला."

घरी आणली तेव्हा कोमट होती.
यांना उजव्या हातानंही चमचा तोंडापर्यंत न्यायला वेळ लागतो.
मी भरवत नाही. भरवलेलं त्यांना चालत नाही.
एक घास, मग जीभ आत काहीतरी शोधते,
मग बी ओठांवर येते, ताटलीच्या काठाला लागते.
पंख्याची करकर. शेजारी कुकरची तिसरी शिट्टी.
मी माझी जांभळी जीभ काढून दाखवली.
त्यांनी दाखवली नाही.

कशी झाली, हेही सांगितलं नाही.
हिशेब सांगितला, जड जिभेनं:
"दस्तगीरच्या नऊ. तुझ्या बारा. माझ्या एकोणीस."
बोट काठावरून पुन्हा फिरलं, या वेळी शेवटाकडून.
"एक कमी."

मी ताटली उचलली, परात खरवडली,
बाजेखाली वाकले, लेंग्याच्या घडीत बघितलं.
मान वर केली तर यांचा उजवा गाल
किंचित फुगलेला.

"तिकीट?" मी हात पुढे केला.

खिडकीबाहेर बघत राहिले,
जसं विनातिकीट माणूस बघतो.